खिशाकडे गेलेला हात

अर्ध्या गालाला साबण लागलेला असताना मार्तंड सरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "ए सात नंबर!" असं तो आवाज ओरडला आणि लगोलग शिट्टी वाजली. आवाजाबद्दल एखाद्याला शंका येईल, पण ती शिट्टी सरांनी झोपेतही ओळखली असती. रेफरी म्हणून एकतीस वर्षं ती त्यांच्याच ओठांत होती. अलिबागच्या त्या छोट्या सलूनमध्ये मागच्या बाकावर दोन तरुण एका मोबाइलमध्ये डोकी घालून बसले होते. "आता बघ हां," एक जण म्हणाला, "आधी हितेश, मग ती. आणि म्हाताऱ्याचा हात बघ, हात." दुसरा फसकन हसला. न्हाव्याने वस्तरा तसाच वर धरला, कारण गिऱ्हाईक खुर्चीतून उठायला लागलं होतं. "जरा मलाही दाखवता का?" सरांनी विचारलं. साबणाच्या आडचा चेहरा ओळखल्यावर त्या दोघांची जी दातखीळ बसली, ती काही केल्या सुटेना. सरांनी स्वतःच मोबाइल हातात घेतला. कुणीतरी दोन व्हिडिओ शेजारी शेजारी जोडले होते. डावीकडे तीन वर्षांपूर्वीची जिल्हा चषकाची फायनल: हितेश गोल मारतो, समोरच्या गावाच्या लोकांपुढे धावत जातो, कानाला हात लावतो, आता ओरडा की, आता का गप्प? रेफरी धावत येतो, चक्क हसतो, त्याच्या खांद्यावर हात टाकतो आणि म्हणतो, "हितेश, पुरे बाबा." उजवीकडे परवाचा रविवार, मुलींची सेमीफायनल: कल्पिता गोल मारते, धावते, कानाला हात लावते. तोच रेफरी दहा पावलांवर थांबतो, शिट्टी वाजवतो आणि त्याचा हात खिशाकडे जातो. पिवळं कार्ड. सरांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी ते चेहरे बघत नव्हते, नुसता आपला उजवा हात बघत होते. साबण वाळून गाल ओढायला लागला तेव्हा न्हावी म्हणाला, "सर, बसता ना?" आणि सर निमूट बसले.

घरी जायला दहा मिनिटांची वाट, ती त्या दिवशी काही संपेना. मार्तंड सरांना अलिबागात कोण ओळखत नाही? हायस्कुलात खेळाचे शिक्षक म्हणून उभी नोकरी केली, निवृत्त झाले, पण शिट्टी काही खाली ठेवली नाही. जिल्ह्यात कुठेही फुटबॉलची मोठी मॅच असली की आधी त्यांना फोन. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? म्हसळ्याला एकदा आपल्याच शाळेविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिली होती त्यांनी. आपलीच पोरं रडली, आपलेच पालक अंगावर धावून आले, कुणीतरी नारळाच्या सोडणांचा मारा केला, आणि सर मैदानाच्या मधोमध घड्याळ बघत उभे राहिले. निर्णय बदलला नाही. तेव्हापासून लोक म्हणायचे, मार्तंड सरांची शिट्टी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ते ऐकलं की सर वरवर "छे हो" म्हणत आणि आतून एक बोट उंच होत. सगळ्यांना एकच माप! हे वाक्य त्यांनी किती बक्षीस समारंभांत म्हटलं असेल याची गणती नाही. आणि आता समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यात, ताज्या दाढीवर झोंबणाऱ्या, ते स्वतःशीच हुज्जत घालत चालले होते. अरे, पण पुस्तकात काय आहे? प्रतिस्पर्ध्यांना डिवचणारा हावभाव केला तर पिवळं कार्ड. रेफरीशी वाद घातला तर पिवळं कार्ड. दोन पिवळ्यांचं एक लाल. लाल म्हणजे मैदानाबाहेर आणि पुढची मॅच बंद. कल्पिताच्या बाबतीत आपण पुस्तकाबाहेर कुठे गेलो? कुठेच नाही. एवढं म्हणून त्यांना जरा बरं वाटलं, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ते बरं वाटणं संपलंसुद्धा. कारण पुस्तक हितेशलाही तेच होतं. हितेशने तर त्या फायनलमध्ये ऑफसाइड दिल्यावर भर मैदानात "सर, डोळे तपासा!" म्हटलं होतं, आणि आपल्याला ते लाडिक वाटलं होतं. रग आहे पोरात, म्हटलं होतं आपण. कल्पिता काय म्हणाली होती? पेनल्टी नाकारल्यावर दोन्ही हात पसरून, "सर, नीट बघा ना." एवढंच. दुसरं पिवळं, मग लाल. तिने वर मान करून एकदा बघितलं, दंडावरची कॅप्टनची पट्टी काढून सोबतच्या मृणालीच्या हातात दिली, आणि सरळ चालत बाहेर गेली. दहा जणींनी उरलेली मॅच दात-ओठ खाऊन खेळून काढली, एक-शून्य जिंकली. आता येत्या रविवारी फायनल, राज्याच्या शिबिरासाठी निवड करणारे लोक मुंबईहून येणार, आणि ज्या मुलीला बघायला ते येणार ती बाहेर बसणार. रविवारी जेवताना आपण बायकोला, सुचित्राला, काय म्हणालो होतो? "माज आलाय पोरीला." भाताचा घास हातात होता, आणि किती सहज म्हणालो होतो!

माज आणि रग. सर रस्त्यातच थांबले. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. दहा पावलं, त्यांना आठवलं, दहा पावलं कुठून आली? नोकरीला लागले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी खोलीत बोलावून सांगितलं होतं, "खेळाचे शिक्षक आहात, वय लहान आहे. मुलींपासून दहा पावलं लांब राहायचं. लोकांना बोलायला निमित्त लागत नाही." चांगला माणूस होता, चांगल्यासाठीच सांगितलं. आणि मार्तंड सरांनी ते इतकं मनावर घेतलं की सगळ्या नोकरीत त्यांच्याकडे कुणी एक बोट दाखवलं नाही. याचाही अभिमानच होता त्यांना. मुलांच्या पाठीवर थाप, खांद्यावर हात, कानात चार शब्द. मुलींना लांबून शिट्टी. मैदानावर तीच सवय गेली. मुलगा तापला की जवळ जायचं, नाव घ्यायचं, हळूच म्हणायचं, पुरे बाबा. तो थंड व्हायचा, कार्ड खिशातच राहायचं. मुलगी तापली तर? दहा पावलांवरून हळूच काय सांगणार? दहा पावलांवरून शिट्टी वाजते आणि कार्ड दिसतं, बस. सभ्यपणा म्हणून जे अंतर राखलं त्या अंतरातच मुलींच्या वाट्याची समज हरवून गेली, आणि हे आपल्याला एकतीस वर्षांत एकदाही सुचलं नाही! मार्तंडा, म्हणाले ते स्वतःला, तू कसला रेफरी रे?

घरात दिवाणखान्यात शिरलं की समोरच तो फोटो. वर्तमानपत्रात आलेला, सुचित्राने फ्रेम करून दिलेला: घामाने निथळणारा हितेश आणि त्याच्या खांद्यावर हात टाकलेले मार्तंड सर, दोघंही हसताहेत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सर तो दाखवत. आज त्यांनी चपला न काढताच तो बघितला. सुचित्रा आतून सोलकढीचं भांडं घेऊन आली, त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पाहिलात वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"सोमवारीच. गौरीने पाठवला पुण्याहून."

"मग दाखवला का नाहीस?"

"अहो, तुम्ही कुणाचं ऐकता? काळ्या दगडावरची रेघ ना तुम्ही!" तिने भांडं टेबलावर ठेवलं. चिडून ठेवलं नाही, नेहमीसारखंच ठेवलं, आणि ते त्यांना जास्त लागलं.

"गौरीने खाली काय लिहिलंय?"

"काही नाही. नुसता पाठवलाय."

सर जेवायला बसले, पण गौरीने काही लिहिलं नाही हे काही घशाखाली उतरेना. त्यांची एकुलती एक लेक. शाळेत असताना जिल्ह्याच्या शर्यतीत चारशे मीटर धावली होती, म्हसळ्याच्या त्याच मैदानावर, आणि पहिली आली होती. दोन्ही हात वर करून ती उड्या मारत होती, ओरडत होती, सगळ्या शाळेपुढे नाचत होती. बाबांकडे धावत येत होती. आणि बाबा, जे त्या दिवशी खेळाचे सर होते, त्यांनी हाताने खूण केली होती, पुरे, जागेवर जा. तिचे हात खाली आले ते सरांना आत्ता, पंचवीस वर्षांनी, ताटापुढे दिसले. त्याच दिवशी भालाफेकीत पहिल्या आलेल्या मुलाला त्यांनी स्वतः खांद्यावर उचलून मैदानभर फिरवलं होतं. आपल्याच लेकीला कसं नाचवायचं, लोक काय म्हणतील, असं काहीतरी तेव्हा वाटलं असणार. अभिमान तर ऊर फुटेस्तोवर झाला होता. मग तो कुठे ठेवला होता आपण? त्यांनी सुचित्राला विचारलं, "गौरीला आठवत असेल का गं, म्हसळ्याची शर्यत?" सुचित्रा म्हणाली, "पुढच्या वर्षी तिने नाव दिलं नाही, ते तुम्हाला आठवतंय का?" सरांना आठवत नव्हतं. आजपर्यंत त्यांना वाटत होतं की तिला अभ्यास होता.

संध्याकाळी ते मैदानावर गेले. स्पर्धेचे सेक्रेटरी रावजी मांडववाल्याला ओरडत होते. सरांनी खिशातला कागद पुढे केला. रावजींनी तो वाचला, चष्मा काढला, परत घातला, परत वाचला. कागदात लिहिलं होतं की दोन्ही प्रसंग पुस्तकाप्रमाणे कार्डाचेच होते, पण मी मुलांना अशा वेळी आधी नाव घेऊन समज देतो, मुलींना देत नाही. ही चूक खेळाडूची नसून माझी आहे. एकाच चुकीला दोन मापं लावून दिलेलं लाल कार्ड मी मागे घेतो, आणि फायनलला मी रेफरी असू नये. खाली सही, तारीख.

"सर, हे काय आणि?" रावजी म्हणाले. "तुम्हीच असं करायला लागलात तर उद्या प्रत्येक जण कागद मागेल. आणि खरं सांगू? त्या पोरीला जरा जमिनीवर आणायलाच पाहिजे होतं. कानाला हात काय लावते, काय समजते स्वतःला!"

सर वर बघायला लागले. रावजींनीही वर बघितलं. मैदानाच्या तोंडावर यंदाच्या जिल्हा चषकाचा भला मोठा बॅनर लावलेला होता, आणि त्यावर दोन माणसांएवढा हितेश, कानाला हात लावून. खाली लाल अक्षरांत, 'हाच तो जोश!' रविवारी कल्पिता धावत धावत नेमकी ह्या बॅनरखाली येऊन उभी राहिली होती. बॅनरवरच्या पोराने जे केलं तेच तिने केलं होतं, आणि सरांनी त्या चित्राखाली उभं राहून तिला कार्ड दाखवलं होतं, आणि हजारभर माणसांतल्या एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"हा उतरवा मग," सर म्हणाले. "आणि तीन वर्षांपूर्वीचा चषक हितेशच्या गावाकडून परत मागवा. मी तेव्हा पुस्तकाप्रमाणे वागलो असतो तर तो पहिल्या अर्ध्यातच बाहेर बसला असता."

"काय सर, थट्टा करता!"

"रावजी, एकतीस वर्षांत मी ह्या मैदानावर थट्टा केलीय?"

समितीची बैठक झाली, बरीच तणतण झाली, सर म्हातारे झाले असंही एक जण बोलला. पण बॅनर उतरवायला कुणीच तयार होईना, आणि बॅनर ठेवायचा तर पोरीला अडवायचं कुठल्या तोंडाने, हे कुणाला सांगता येईना. बंदी उठली. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी आपला निर्णय बदलला होता, आणि त्यांना वाटलं होतं की त्या क्षणी आपण आतून मोडून पडू. तसं काही झालं नाही. उलट घरी येताना त्यांची चाल जरा ताठच होती, याची त्यांना स्वतःलाच गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटर काढून खाडीकाठच्या खारेपाटात कल्पिताच्या गावी गेले. कापणी झालेल्या भातशेतात पोरींनी बांबूचे गोलपोस्ट उभे केले होते. पलीकडे खाडीचा बांध. कल्पिताचे वडील दत्तात्रेय दारात ट्रेलर धूत होते. पाण्याचा पाइप टाकून, हात पुसत ते पुढे आले. "या सर, या. पोरीचं कळलं आमाला. उपकार झालं." सरांना तो शब्द टोचला. कल्पिता शेतातून चालत आली, बॉल काखेत, पायांना खरचटलेलं, कपाळावर माती. हितेशची चुलत बहीण. ह्याच ढेकळांत त्याच्याबरोबर खेळून मोठी झालेली. नाक, हनुवटी, उभं राहण्याची ढब, सगळं त्याच्यासारखं. हे साम्य आपल्याला रविवारी दिसलं नाही? सरांनी घसा साफ केला. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले.

"मना माफी नको, सर." तिने बॉल खाली ठेवला, त्यावर पाय ठेवला. "एक इचारू? हितेशदादाला तुमी नावानं हाक मारता. मना काय हाक मारलीत? सात नंबर. माझं नाव तुमाला ठावं तरी हाय का?"

"कल्पिता," सर म्हणाले. "तुझी प्रत्येक मॅच बघितलीय मी. दोन्ही पायांनी सारखी खेळणारी तुझ्यासारखी मुलगी ह्या जिल्ह्यात झाली नाही. घरी दहादा बोललोय."

"घरी!" ती म्हणाली. आणि हसली, पण त्या हसण्यात सूट नव्हती. "मैदानावर न्हाय बोललाव कदी."

सरांनी मान डोलावली. ते म्हणाले, "फायनलला मी नसेन. मीच कळवलंय तसं."

"म्हंजे पळून चाललाव?"

"ए कल्पे!" दत्तात्रेय ओरडले. "सरांशी कसं बोलतंस? पोरीच्या जातीला शोभतं का?"

सर झटकन वळले. "दत्तात्रेय, हितेश मला याहून वाईट बोललाय. तेव्हा तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होता." दत्तात्रेय खाली बघायला लागले, मग गालात हसले, "व्हय की," म्हणाले, आणि पाइप उचलून ट्रेलरच्या पलीकडच्या बाजूला गेले. कल्पिता अजून सरांकडेच बघत होती. तिचे डोळे आता भरले होते, आणि त्याचा तिला राग येत होता हेही दिसत होतं. "फायनलला तुमीच या," ती म्हणाली. "मी चुकली तर दाखवा कार्ड. मना फुकाट सोडू नका. पन आदी माझं नाव घ्या. दादाला जितकी समज देता तितकीच द्या. जास्ती बी नको, कमी बी नको." सरांनी तिथूनच रावजींना फोन लावून फायनलला आपणच येतोय असं कळवलं. परत येताना खाडीवरचा वारा डोळ्यांत जात होता म्हणून त्यांनी दोनदा स्कूटर थांबवली. वारा तसा फारसा नव्हता.

रविवारी मैदान फुलून गेलं. मुंबईहून आलेली निवड समितीची माणसं मांडवात पहिल्या ओळीत, त्यांच्यामागे हितेश, खास मॅचसाठी आलेला. लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. सुचित्रा कधी नव्हे ती मॅचला आली होती, मोबाइल समोर धरून. पलीकडे पुण्यात गौरी बघत होती हे सरांना सांगितलेलं नव्हतं, पण कळलं होतं. शिट्टी फुंकायच्या आधी रावजींनी सरांच्या कानाशी येऊन सांगितलं, "सर, आज जरा सांभाळून घ्या." कुणाला सांभाळायचं ते नाही सांगितलं. विसाव्या मिनिटाला कल्पिताने डावीकडून दोघींना चकवून बॉल असा आत घातला की गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही. आणि धावली ती, सरळ बॅनरखाली, कानाला हात. मैदान ओरडलं, काहींनी शिट्ट्या मारल्या, एक जण "माज बघ!" म्हणाला. सरांचे पाय सवयीने दहा पावलांवर थांबले. हात सवयीने खिशाकडे गेला. तो त्यांनी खाली आणला, आणि ते चालायला लागले. सात पावलं, चार, दोन. "कल्पिता," ते म्हणाले, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू, "पुरे गं." ती वळली. धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिली. खांद्यावर हात टाकायचा नव्हता, त्याची गरजही नव्हती. नाव तिथे पोचलं होतं. "बरं सर," ती म्हणाली, आणि पळत परत गेली. एवढं सोपं होतं! शिट्टी वाजवायला सरांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

दुसऱ्या अर्ध्यात बरोबरीचा गोल झाला, मग पंधरा मिनिटं शिल्लक असताना कल्पितानेच दुसरा मारला, आणि आता शेवटची पाच मिनिटं उरली असताना ती एकटीच पुढे निसटली तेव्हा सरांनी शिट्टी वाजवली. ऑफसाइड. स्वच्छ ऑफसाइड, दोन हात पुढे होती. ती गर्रकन वळली, आणि भर मैदानात, पहिल्या ओळीत निवड समिती बसलेली असताना, हितेशच्याच आवाजात ओरडली, "सर, डोळे तपासा!" मांडवातून हसण्याची लाट आली. सरांनाही हसू येत होतं. तीन वर्षांपूर्वी ते हसलेच होते. ते चालत तिच्यापाशी गेले, अगदी जवळ. "कल्पिता," ते म्हणाले, "समज मघाशी दिली होती." आणि पिवळं कार्ड वर धरलं. मैदान उसळलं. रावजींनी कपाळाला हात लावला. हितेश मांडवातून उडी मारून कडेपर्यंत आला, "काय सर, एवढ्यासाठी कार्ड!" "हितेश," सर त्याच्याकडे न वळताच ओरडले, "तुझं तीन वर्षांचं बाकी आहे, गप बस!"

कल्पिता कार्डाकडे बघत होती. मग सरांकडे. कपाळावरचा घाम तिने बाहीने पुसला आणि तिच्या तोंडावर हळूहळू जे हसू पसरलं ते निवड समितीला दिसलं असेल नसेल, सुचित्राच्या मोबाइलमधून पुण्याला मात्र पोचलं.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर."

ती आपल्या जागेवर पळत गेली. सरांनी खिशातून छोटी वही काढली. कार्ड दिलं की वहीत नंबर लिहायचा, ही त्यांची एकतीस वर्षांची रीत. त्यांनी सात लिहिला, खोडला, आणि मैदानभर आरडाओरडा चाललेला असताना, वेळ घेऊन, ठळक अक्षरांत लिहिलं: कल्पिता दत्तात्रेय घरत. मग ताठ मानेने शिट्टी ओठांत धरली आणि खेळ पुढे सुरू केला.